थंडीत तंबू ठोकताय? आधी खालची बाजू बघा

डिसेंबर लागला की नागपुरातून रामटेकच्या खिंडसी तलावाकडे तंबू घेऊन निघणाऱ्यांना हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘पांघरुणं जास्त घ्या’. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. २०१८च्या डिसेंबरात नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा रात्री अंगावर तीन ब्लँकेटं असली, तरी पाठीखालची जमीन अंगातली ऊब ओढून घेते.

टॉर्च, पाणी, औषधं तुम्ही घ्यालच. जागेच्या मालकाला किंवा वनविभागाला आधी विचारा. पेंचच्या जंगलात मनानेच तंबू ठोकायचा नाही. आणि उजेड असतानाच पोहोचा.

तंबू पाण्याच्या काठाला लावू नका. फोटो छान येतो, पण गार हवा जड असते, ती उतारावरून येऊन खोलगट जागेत साचते. तीस-चाळीस पावलं वर चढा आणि मुरमाड जागा धरा. काळ्या मातीत खुंट्या पटकन जातात आणि तितक्याच पटकन निघतात.

आता अंथरुणाचं. रामटेककडे धानाची शेती, त्यामुळे तणस, म्हणजे भाताचा पेंढा, सहज मिळतं. शेतकऱ्याला विचारून एक भारा घ्या. जमिनीवर वीतभर तणस, त्यावर ताडपत्री, मग तंबू. ताडपत्रीच्या कडा तंबूखाली दुमडा, नाहीतर वरून ओघळणारं दव तिच्यावर साचून थेट तुमच्या पाठीखाली येतं. खाली तणस आहे, तेव्हा चूल पंधरा-वीस पावलं लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला.

मी सगळ्यात जास्त चुकलो ते पुढच्या गोष्टीत. पहिल्या थंडीत ऊब राहावी म्हणून तंबूच्या सगळ्या चेन घट्ट लावल्या. पहाटे चारला कपाळावर टपकन थेंब पडला. टॉर्च लावला तर आतल्या कापडावर थेंबांच्या रांगा, आणि भावाची गोधडी पायाकडून ओलीगच्च. तंबू गळतोय असं समजून मी पुढच्या खेपेला वर प्लास्टिक टाकलं, तर आणखी ओल झाली. ते पाणी आमच्याच श्वासाचं होतं! वाफ गार कापडाला लागली की तिचं पाणी होतं. तेव्हापासून समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या हातभर उघड्या ठेवतो आणि वरचं कापड आतल्याला चिकटू नये असं ताणून बांधतो. ओले टॉवेल, मोजे बाहेर. थोडी गार हवा आत येऊ द्या. कोरड्या अंथरुणात ती सोसवते, ओल्यात नाही.

आणि कितीही हुडहुडी भरली तरी कोळशाची शेगडी तंबूत नेऊ नका, विझत आलेलीसुद्धा नाही. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस उठतच नाही. यावर माझ्याशी वाद घालू नका.

जेवणाला गोवऱ्यांवरचे रोडगे आणि वांग्याची भाजी. कणीक घरूनच मळून न्या. झोपण्याआधी राखेवर पाणी ओतून हात लावून बघा.

सकाळी ऊन येईपर्यंत तंबू गुंडाळू नका. घाई असेल तर ओलाच आणा, पण त्याच दिवशी गच्चीवर उलटा करून वाळवा. एकदा बुरशी धरली की तो कुबट वास जात नाही.