चेंडू उजवीकडेच का पळतो? ग्रिपपासून खारघरच्या गोल्फ कोर्सपर्यंत

गोल्फचा चेंडू निघतो सरळ आणि हवेत वळून उजवीकडच्या झाडीत शिरतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्यांची ही नेहमीची तक्रार, म्हणजे स्लाइस. बहुतेक जण मग आणखी डावीकडे नेम धरतात. त्याने क्लब (गोल्फची काठी) बाहेरून आत, म्हणजे स्वतःकडे ओढायची सवय पक्की होते आणि स्लाइस वाढतो. त्या मार्गाच्या मानाने क्लबफेस (क्लबचा चेंडूला भिडणारा पृष्ठभाग) उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला राहिला, की चेंडू उजवीकडे वळणारच.

आधी ग्रिप तपासा. डाव्या हातात क्लब तळव्यात नको, बोटांच्या मुळाशी हवा. वरून पाहताना डाव्या मुठीचे दोन उंचवटे दिसले पाहिजेत. एकच दिसत असेल तर हात उजवीकडे फिरवा. पकड क्लब निसटणार नाही इतकीच ठेवा. मनगटे आवळली की क्लबफेस वेळेत सरळ होत नाही.

सात नंबरच्या आयर्नसाठी (धातूच्या पात्याचा क्लब) चेंडू पावलांच्या मध्यावर किंवा किंचित पुढे ठेवा. ड्रायव्हरसाठी (सर्वांत लांब फटक्याचा क्लब) तो डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला, आणि टी (चेंडू ठेवायची खुंटी) इतकी उंच की अर्धा चेंडू क्लबच्या वर दिसेल.

आता सराव. चेंडूच्या वीतभर मागे आणि चार बोटे पलीकडे हेडकव्हर (क्लबच्या डोक्यावरचे आवरण) ठेवा. क्लब खाली येताना त्याला लागला तर तुम्ही बाहेरून येताय. आधी अर्ध्या स्विंगने 10 चेंडू मारा, मग पूर्ण. रेंजवरच्या (सरावाच्या मैदानातल्या) मॅटवर मात्र फार विसंबू नका. क्लब आधी जमिनीला लागला तरी मॅटवरून घसरून चेंडूला भिडतो आणि फटका छान वाटतो. गवतावर तोच फटका चार पावलांवर पडतो. म्हणून चेंडूच्या सरळ मागे, वीतभर अंतरावर घडी घातलेला टॉवेल ठेवा आणि त्याला न शिवता मारा.

गोल्फ संस्थेचे सभासदत्व नसेल तर नवी मुंबईत सिडकोचा खारघर व्हॅली गोल्फ कोर्स आहे. ग्रीन फी (खेळण्याचे शुल्क) भरून खेळता येते. जाण्याआधी फोन करून वेळ ठरवा, हँडिकॅप (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा) लागतो का तेही विचारा. अरुंद होलवर (कोर्सच्या टप्प्यावर) ड्रायव्हर बॅगेतच राहू द्या. आयर्नने थोडे कमी अंतर मिळेल, पण चेंडू सापडेल.

शोधायला नियमाने 3 मिनिटेच मिळतात (2019 पूर्वी 5 होती). हरवल्याची शंका आली तर पुढे जाण्याआधीच ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता चेंडू) असे सांगून दुसरा चेंडू मारा, म्हणजे परत चालत यावे लागत नाही. कोणाच्या दिशेने चेंडू गेला तर लाजू नका, ‘फोर!’ (सावध करायची हाक) ओरडा.

पावसाळ्यात चेंडू स्वतःच्याच खड्ड्यात रुततो. वाळू आणि लाल-पिवळ्या खुणांनी आखलेला पेनल्टी एरिया सोडून इतरत्र तो दंडाशिवाय उचलता येतो: लगेच मागच्या जागेपासून एका क्लबच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. ओल्या ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) चेंडूचे खळगेही खोल पडतात. ते बुजवताना काटा खाली खुपसून माती वर उचकटू नका, मुळे तुटतात. कडा चहूबाजूंनी मध्याकडे ढकला आणि पटरने (ग्रीनवर चेंडू होलकडे ढकलायचा क्लब) दाबून सपाट करा.