दृष्टिपटलाची शीर बंद होते तेव्हा: प्रतिमा कशा घ्याव्यात, कशा वाचाव्यात

एका डोळ्याची नजर दुखल्याशिवाय अचानक अंधूक झाली, तर दृष्टिपटलातील (डोळ्याच्या मागच्या पडद्यातील) शीर बंद पडल्याची शंका घ्यावी. बाहुली मोठी करणारे थेंब घालण्यापूर्वी दृष्टी व डोळ्यातील दाब मोजावा आणि बाहुलीच्या कडेला नव्या रक्तवाहिन्या आहेत का, ते पाहावे. बाहुली पसरल्यावर त्या सहज नजरेतून सुटतात.

पहिली प्रतिमा फंडस कॅमेऱ्याची, म्हणजे दृष्टिपटलाचे छायाचित्र घेणाऱ्या कॅमेऱ्याची. मुख्य शीर बंद असल्यास दृष्टिपटलाच्या चारही भागांत ज्वालेसारखे रक्तस्राव आणि फुगलेल्या, नागमोडी शिरा दिसतात. शिरेचा एखादा फाटा बंद असल्यास रक्तस्राव एकाच भागात पंख्यासारखा पसरतो आणि त्याचे टोक बहुधा धमनी शिरेला ओलांडते त्या जागी असते.

मात्र हे छायाचित्र कितीही भयंकर दिसले, तरी उपचार त्यावरून ठरवू नये. नजर प्रामुख्याने पीतबिंदूच्या (दृष्टिपटलाच्या मध्यभागी स्पष्ट दृष्टी देणाऱ्या भागाच्या) सुजेने मंदावते आणि ती सूज ओसीटीत, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने दृष्टिपटलाचे थर दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, मायक्रॉनमध्ये मोजता येते. जाडीचा आकडा व दृष्टी यांच्या आधारे अँटी-व्हीईजीएफ इंजेक्शने (वाहिन्यांची गळती व नव्या वाहिन्यांची वाढ रोखणारे, डोळ्यात दिले जाणारे औषध) सुरू केली जातात. पहिले काही महिने ती साधारणपणे दरमहा देतात आणि नंतरचे अंतर प्रतिसादानुसार वाढवतात. प्रत्येक वेळी त्याच यंत्रावर, त्याच जागेचा स्कॅन घ्यावा. निरनिराळ्या यंत्रांचे आकडे परस्परांशी जुळत नाहीत.

रक्तपुरवठा कुठे तुटला आहे, हे फ्लुओरेसिन अँजिओग्राफीत (रंगद्रव्य देऊन घेतलेल्या रक्तवाहिन्यांच्या छायाचित्रांत) कळते. हाताच्या शिरेतून रंगद्रव्य दिल्यावर थोडी मळमळ होऊ शकते, तसेच काही तास त्वचा पिवळसर आणि लघवी गडद होते. त्यात घाबरण्यासारखे नाही. गंभीर ॲलर्जी मात्र क्वचित होते, म्हणून पूर्वीच्या ॲलर्जीची विचारणा आधीच करावी. ताजे रक्त दाट असेल तर ते खालचे चित्र झाकते आणि अशा वेळी ते थोडे विरेपर्यंत थांबणे शहाणपणाचे असते. रंगद्रव्याविना होणारी ओसीटी अँजिओग्राफी पीतबिंदूजवळ उपयोगी पडते, परंतु रंगाची गळती ती दाखवत नाही.

मुख्य शीर बंद असलेल्या डोळ्यात रक्तपुरवठा न होणारे क्षेत्र नेत्रचकतीच्या (दृष्टिपटलावर दृष्टीची नस जिथे निघते त्या गोल भागाच्या) दहापट किंवा त्याहून मोठे असेल, तर आयरिसवर (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यावर) नव्या वाहिन्या येऊन काचबिंदू होण्याचा धोका वाढतो. पहिले तीन-चार महिने यासाठी सर्वाधिक नाजूक. सुरुवातीला सौम्य वाटलेला आजारही पुढे या मोठ्या क्षेत्राचा रक्तपुरवठा तुटलेल्या प्रकारात जाऊ शकतो, त्यामुळे सूज उतरली तरी तपासण्या थांबवू नयेत. नव्या वाहिन्या आढळल्यास दृष्टिपटलाच्या कडेकडच्या भागाला लेझर देतात. रक्तदाब, साखर आणि चरबीची तपासणी याच काळात करून घ्यावी. त्याचे उत्तर कोणत्याही कॅमेऱ्यात मिळत नाही.