उन्हाळी फुलपिके आणि वन्यप्राणी : पुणे परिसरातील उत्पादकांसाठी सल्ला

माघ सरत आला की सिंहगड, पुरंदर आणि मावळच्या उतारांवरील गवत वाळते, ओढे आटतात आणि त्याच सुमारास पाडव्याचा बाजार नजरेसमोर ठेवून ठिबकावर वाढवलेले झेंडू, गलांडा आणि अ‍ॅस्टरचे प्लॉट हिरवेगार उभे असतात. चारा आणि ओल या दोन्हींच्या शोधात प्राणी खाली उतरतात. त्यामुळे डोंगरालगतच्या उत्पादकांनी संरक्षणाची तयारी लागवडीआधीच करावी. पहिले नुकसान दिसल्यानंतर केलेला खर्च बहुधा उशिराचा ठरतो.

कुंपणावर पैसे घालण्यापूर्वी नुकसान नेमके कोणी केले, हे सकाळी लवकर, पाणी सोडण्याआधी शेतात फिरून पाहावे. रोपाचा शेंडा गुडघ्याखालच्या उंचीवर सुरीने कापल्यासारखा तिरका तुटलेला असेल आणि जवळ गोल, कोरड्या लेंड्या पडलेल्या असतील, तर ते काम सशाचे असते. हरिणवर्गीय प्राण्यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसल्याने त्यांनी खाल्लेले टोक फाटल्यासारखे, धागे निघालेले दिसते. बारामती तालुक्यात सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या आसपास चिंकारा असल्यामुळे तेथे हा फरक अवश्य तपासावा. सरीच्या सरी नांगरल्यासारखी उलथलेली दिसल्यास रानडुकरे येऊन गेली असे समजावे. त्यांना पुष्कळदा फुलांपेक्षा ओल्या मातीतील गांडुळे व हुमणी हवी असते, त्यामुळे भिजवलेला वाफा त्यांना आधी सापडतो. गुलछडी किंवा ग्लॅडिओलसचे कंद नेमके उकरून कुरतडलेले असतील, तर साळिंदर किंवा घूस यांचा संशय घ्यावा. जवळपास काटा पडलेला सापडल्यास साळिंदराबद्दल शंका उरत नाही.

संपूर्ण हंगामभर संपूर्ण शेत राखणे परवडत नाही आणि त्याची गरजही नसते. पुनर्लागवडीनंतरचे पहिले तीन-चार आठवडे आणि कळी धरण्याचा काळ हे दोनच टप्पे खरे नाजूक असतात. झेंडूची लहान रोपे सशाने वरून खाल्ली असतील, तर ती लगेच उपटू नयेत. खोड आणि खालची पाने शाबूत असल्यास पाणी व नत्राची हलकी मात्रा द्यावी. शेंडा खुडल्यावर फुटतात तशाच बगलफुटी येतात. मात्र फुले उशिरा लागतात, म्हणून पाडव्याचा भाव हुकेल हे गृहीत धरावे.

सशासाठी अडीच ते तीन सेंटिमीटर छिद्रांची जाळी, जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच, पुरेशी होते. तिचा खालचा अर्धा फूट भाग बाहेरच्या बाजूला जमिनीवर वाकवून मातीने दाबावा, नाहीतर ससा खालून शिरतो. रानडुकरांसाठी जुन्या साड्यांचे कुंपण अनेक ठिकाणी दिसते. ते स्वस्त आहे आणि काही दिवस उपयोगीही पडते, पण डुकरे सरावली की त्याला जुमानत नाहीत. त्यापेक्षा सौर झटका मशीन, म्हणजे सौरऊर्जेवर कुंपणाच्या तारेत क्षणिक झटका सोडणारे यंत्र, अधिक भरवशाचे. त्याची खालची तार जमिनीपासून वीत-सव्वा वीत उंचीवर असावी, कारण डुक्कर नाकाने वाट काढते. तारेला टेकणारे गवत दर आठवड्याला कापावे. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडल्याने अर्थिंग मिळत नाही आणि झटका सौम्य होतो, याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. अर्थिंगच्या सळईभोवती अधूनमधून पाणी ओतावे.

शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली आणि तिच्यासारख्या गावांत मोर सकाळ-संध्याकाळ रोपे उकरतात व कळ्या टिपतात. रोपवाटिका शेडनेटमध्येच ठेवावी. शेतात चमकपट्ट्या पीळ देऊन बांधाव्यात आणि त्यांची जागा तीन-चार दिवसांनी बदलावी. पक्षिरोधक जाळे अंथरायचे असल्यास ते ताणून बसवावे व रोज पाहावे, कारण सैल जाळ्यात पक्षी आणि धामणीसारखे साप अडकून मरतात.

तारेत घरगुती वीज सोडणे, क्लचवायरचे फास लावणे, विषारी आमिष किंवा स्फोटक गोळे ठेवणे पूर्णपणे टाळावे. हे गुन्हे आहेत, फासात बिबटे सापडतात आणि विजेच्या तारेने घरची माणसे गेल्याच्या घटनाही घडतात. वासासाठी बांधावर फोरेट टाकण्याची सवय सोडावी. त्या कीटकनाशकावर देशात बंदी आहे. मोर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत येतो, हेही ध्यानात असावे. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर येथे बिबट्यांचा वावर असल्याने राखणीसाठी रात्री एकट्याने जाऊ नये, वाफ्यात ओणवे होऊन बसू नये. बॅटरी घेऊन, मोठ्याने बोलत दोघा-तिघांनी जावे.

पुणे शहरात टेकड्यांलगतच्या सोसायट्यांमध्ये गच्चीवरील कुंड्यांना प्रामुख्याने खारी, पोपट आणि कधी माकडे यांचा त्रास होतो. तेथे कळ्या येण्याच्या दिवसांत पातळ जाळीचे आच्छादन पुरते. माकडांना खायला घालणे मात्र सर्वांनीच थांबवावे.

नुकसान झालेच, तर वाफा नीट करण्याआधी ठसे, लेंड्या व उपटलेली रोपे यांची छायाचित्रे घ्यावीत आणि तीन दिवसांच्या आत जवळच्या वन विभागाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. भरपाई शासनाने ठरवून दिलेल्या प्राण्यांमुळे झालेल्या नुकसानीलाच मिळते व पंचनाम्यावर ठरते, म्हणून सातबाऱ्यावर फुलपिकाची नोंद लागवडीनंतर लगेच करून घ्यावी.