कथास्पर्धेसाठी कथा पाठवताना

मराठी कथास्पर्धांचा हंगाम बराचसा दिवाळी अंकांच्या वेळापत्रकावर चालतो. काशिनाथ रघुनाथ आजगावकर यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली दिवाळी अंक काढला आणि ती प्रथा रुजली. अंक वाचकाच्या हाती दिवाळीत पडत असला तरी त्याची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, म्हणून त्याच्याशी जोडलेल्या स्पर्धेची मुदतही त्याआधी संपते. वाचनालये आणि साहित्यसंस्था यांच्या स्पर्धा मात्र वर्षभरात केव्हाही जाहीर होतात. नवोदित लेखकाने आवाहन वाचून मग कथा लिहायला बसण्यापेक्षा एक-दोन कथा आधीच लिहून, काही आठवडे बाजूला ठेवून, पुन्हा हात फिरवून तयार ठेवाव्यात. मुदतीच्या आदल्या रात्री संपवलेली कथा पुनर्लेखनाविना जाते आणि अनुभवी परीक्षकाला ते पहिल्या पानावरच कळते.

नियमावली शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. शब्दमर्यादा सगळेच पाहतात. अडकतात ते ‘अप्रकाशित’ या अटीपाशी. कथा फेसबुकवर किंवा ‘प्रतिलिपी’सारख्या मंचावर टाकली असेल, तर बहुतेक आयोजक ती प्रकाशित झाली असेच मानतात, मग ती चार जणांनी वाचलेली असली तरी. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात पाठवलेल्या कथेबद्दल शंका असेल, तर आयोजकांना आधीच विचारून घ्यावे. अनुवादित, रूपांतरित किंवा दुसऱ्या कथेवर आधारलेले लेखन चालते का, आणि एकच कथा एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवता येते का, हेही पाहावे. तसा उल्लेख नसेल तर पाठवू नये. प्रवेशशुल्क असणे हे काही स्पर्धा खोटी असल्याचे लक्षण नव्हे, परंतु शुल्क आहे, परीक्षकांची नावे नाहीत, मागील वर्षाचा निकाल कुठेच सापडत नाही आणि प्रत्येक सहभागी लेखकाची कथा संग्रहात घेण्याचे आश्वासन मात्र आहे, असे असेल तर त्या संग्रहाचा छपाईखर्च लेखकांकडूनच वसूल होत असण्याची शक्यता अधिक.

आता प्रत्यक्ष कथेविषयी. स्पर्धेत परीक्षक गठ्ठ्याने कथा वाचतो आणि लेखक कोण हे त्याला ठाऊक नसते. नवोदितासाठी ही सोयच आहे, कारण नावाचे वजन कोणाच्याच कामी येत नाही. मात्र कथेला पहिल्या परिच्छेदातच स्वतःच्या पायावर उभे राहावे लागते. समजा, पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला नोव्हेंबरात बँकेत गेलेल्या एका वृद्धेची कथा आहे. पहिल्या खर्ड्यात पहाट होते, चहा होतो, दिवंगत पतीच्या नोकरीची हकिकत येते आणि बँक उजाडते ती दुसऱ्या पानावर. हा खर्डा लिहिणे चुकीचे नाही, कारण लेखकाला ती बाई त्यातूनच सापडते. पण पाठवायची कथा ‘आजींचा अंगठा यंत्राला ओळखू येईना’ या वाक्यापासून सुरू करता येते. अंगठ्यावरच्या रेषा भांडी घासून पुसट झाल्या आहेत, मागची रांग चुळबुळते आहे, काउंटरवरचा मुलगा ‘बोट पुसून परत ठेवा’ म्हणतो आहे. पतीची हकिकत हवीच असेल तर या रांगेत उभ्या असलेल्या आजींच्या एखाद्या वाक्यातून ती येईल, आणि आली नाही तरी फारसे बिघडत नाही.

विषय ‘स्पर्धेचा’ म्हणून निवडू नये. वृद्धाश्रम, शेतकऱ्याची आत्महत्या, परदेशी गेलेला मुलगा हे विषय वर्ज्य नाहीत, पण बाहेरून पाहून लिहिलेल्या अशा कथा परीक्षकाने त्याच गठ्ठ्यात आधीच वाचलेल्या असतात. अखेरच्या ओळीतल्या धक्क्यासाठी सारी कथा राबवून घेणे हाही असाच एक सवयीचा मोह आहे. बोलीतले संवाद लिहायचे असतील तर ती बोली कानात असलेल्या माणसाला ते मोठ्याने वाचून दाखवावेत. मालवणी आणि वऱ्हाडीची भेसळ कागदावर लगेच उघडी पडते.

टंकलेखन युनिकोडमध्येच करावे. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमधील मजकूर परिवर्तकातून काढला, तर जोडाक्षरे आणि अवतरणचिन्हे पुन्हा तपासावीत. ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते ते पुष्कळदा अशा वेळी. शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे अठरा नियम आहेत. ते लेखकाच्या निवेदनाला लावावेत, पात्राच्या तोंडच्या बोलीला लावू नयेत. कथेच्या पानांवर नाव घालू नका असे सांगितले असेल, तर फाइलच्या नावात आणि फाइलच्या गुणधर्मांतही ते राहिलेले नाही ना, हे पाहून घ्यावे. परिचय आणि कथा स्वतःची असल्याचे सहीचे प्रतिज्ञापत्र स्वतंत्र पानावर जोडावे.

हक्कांचे कलम सहसा तळाशी, बारीक अक्षरांत असते. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे कथेचे हक्क मुळात लेखकाचेच असतात, त्यासाठी नोंदणी लागत नाही, आणि ते दुसऱ्याला द्यायचे तर लेखी व सहीनिशी द्यावे लागतात. अशा लेखी करारात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. अंकात किंवा संस्थेच्या संग्रहात एकदा छापण्याचा हक्क मागणे रास्त आहे. पण ‘पाठवलेल्या सर्व कथांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ असे असेल, तर बक्षीस न मिळालेली कथाही हातची जाऊ शकते. अशा ठिकाणी निदान आपली सर्वांत चांगली कथा पाठवू नये.

पाठवलेल्या ई-मेलची प्रत आणि पोच जपून ठेवावी. निकालाची जाहीर केलेली तारीख उलटून महिना गेला तर आयोजकांना नम्रपणे एकदा विचारावे; तरीही उत्तर आले नाही तर कथा मागे घेत असल्याचे लेखी कळवावे आणि त्यानंतरच ती दुसऱ्या मासिकाकडे पाठवावी.