छोट्या कुत्र्याचं पोट उडतंय? या चुका टाळा

‘काकू, आमच्या पिल्लाचं पोट उडतंय, श्वास भराभर चाललाय, काय देऊ?’ असा फोन आला की मी एकच विचारते, किती? पलीकडे शांतता. मग उत्तर येतं, ‘किती म्हणजे? खूप!’

मी डॉक्टर नाही. कणकवलीकडे एका खासगी पशुवैद्यांच्या दवाखान्यात चौदा वर्षं मदतनीस होते, आता देवगड तालुक्यात घरी असते. घरात कुत्री कायमच. त्यामुळे आजूबाजूच्या गावांतले लोक आधी मला फोन करतात, मग डॉक्टरांना. खरं तर ही त्यांची पहिली चूक. पण तेच ते चार प्रकार वर्षानुवर्षं बघून आता लिहायलाच बसले.

न मोजता घाबरणं, आणि न मोजता निर्धास्त राहणं

निवांत झोपलेल्या निरोगी कुत्र्याचे श्वास मिनिटाला तिसाच्या आत असतात. बहुतेकांचे पंधरा ते पंचवीस. झोपेत पुन्हा पुन्हा तिसाच्या वर जात असतील तर डॉक्टरांना दाखवायचं, चाळिसाच्या वर असतील तर त्याच दिवशी. एवढं साधं गणित आहे आणि कोणी करत नाही.

जे करतात ते चुकीच्या वेळी करतात. कुत्रं अंगणात मांजरामागे धावून आलं की मोजतात. पोस्टमनवर भुंकून झालं की मोजतात. तोंड उघडून, जीभ बाहेर काढून लहालहा करताना श्वास मिनिटाला दोनशेच्या वरही जातात, कारण ते कुत्र्याचं अंग गार करण्याचं यंत्र आहे. आपल्यासारखा घाम त्याला येत नाही, पंजांच्या तळव्यांना थोडा येतो तेवढाच. तेव्हाचा आकडा काही सांगत नाही. झोपेत, तोंड मिटलेलं असताना, गार जागी मोजलेला आकडा खरा. पाय झटकत, बारीक भुंकत स्वप्न बघत असेल तर तेव्हाही नाही, थोडं थांबा.

दुसरी गंमत म्हणजे छाती वर गेली एक, खाली आली दोन, असं मोजणारे. वर आणि खाली मिळून एक श्वास. एका भल्या गृहस्थांनी ‘अठ्ठेचाळीस आहेत’ म्हणून रात्री दीड वाजता मला उठवलं होतं. होते चोवीस. पंधरा सेकंद मोजून चौपट केली तरी चालते म्हणतात, पण मी पूर्ण मिनिट मोजते. ज्याला कुत्र्याजवळ एक मिनिट गप्प बसवत नाही त्याने कुत्रं पाळूच नये, हे माझं मत आहे आणि ते मी तोंडावर सांगते.

आता हे सगळं सांगणारी मी स्वतः काय केलं ते ऐका. आमची चिंगी, पांढरी, केसाळ, अकरा वर्षांची. सगळे तिला पॉमेरेनियन म्हणायचे. आपल्याकडे त्या नावाने जी पाळली जातात त्यातली बरीचशी खरं तर इंडियन स्पिट्झ असतात, पण ते असो. ऑक्टोबर होता. कापणी झालेली, हवेत दमटपणा, पंख्याखालीही अंगाला चिकटचिकट. चिंगी रात्री जागा बदलत राहायची. पडवीतून माजघरात, माजघरातून मोरीपाशी. पहाटे ठसका लागायचा. सासूबाई म्हणाल्या, ‘माणसांक दम लागता, ह्यां तर कुत्रां.’ मलाही ते पटलं. दवाखान्यात चौदा वर्षं काढलेल्या बाईला पटलं! ठसक्याला मी हळद-मधाचं चाटण दिलं, पंखा तिच्याकडे फिरवला आणि तीन आठवडे घालवले.

मग एका रात्री पाऊस पडून गेला. हवा गार झाली, वीज गेली, घर चिडीचूप. त्या शांततेत मला तिचा श्वास ऐकू आला. बॅटरीच्या उजेडात मोजले, बावन्न. उकाडा नव्हता, ती धावली नव्हती, घाबरलेली नव्हती. कुशीवर न पडता पोटावर बसून, मान पुढे ताणून, कोपरं बाहेर काढून डुलक्या घेत होती. ही बैठक मी दवाखान्यात शेकडो वेळा पाहिली होती. आडवं झालं की श्वास पुरत नाही म्हणून कुत्रं असं बसतं. घरच्या कुत्र्यात मात्र मला ती तीन आठवडे दिसली नाही.

सकाळी डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. हृदयाची झडप गळत होती आणि फुप्फुसात पाणी यायला लागलं होतं. लहान जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांमधला हा सगळ्यात नेहमीचा हृदयविकार. डावीकडची झडप जाड, वेडीवाकडी होते, रक्त उलटं फिरतं, मागे दाब वाढतो आणि तो फुप्फुसावर येतो. झोपेतले श्वास हे त्याचं सगळ्यात आधी दिसणारं लक्षण, कित्येकदा ठसक्याच्याही आधी. इंजेक्शन, ऑक्सिजन, मग रोजच्या गोळ्या. चार दिवसांत आकडा चोविसावर आला. त्यानंतर चिंगी दीड वर्ष छान जगली. ते तीन आठवडे मी वाया घालवले नसते तर किती जगली असती, हा हिशोब मी करत नाही.

या आजाराच्या दोन उपचुका आपल्या कोकणातल्या खास. एक, सुकट-भात. हृदयाच्या कुत्र्याला मीठ वर्ज्य, आणि आपण प्रेमाने खारवलेला सुका बांगडा भातात कुस्करतो. दुसरी, फुप्फुसातलं पाणी उतरवणारी लघवीची गोळी सुरू झाली की कुत्रं घरात मुततं, म्हणून पाण्याचं भांडं उचलून ठेवणं. त्या गोळीवर असलेल्या कुत्र्याचं पाणी तोडलंत तर मूत्रपिंडं जातील. फरशी पुसा.

उष्माघातात ओला टॉवेल गुंडाळणं

ही माझी दुसरी लाडकी चूक. मे महिन्यात किनाऱ्यावर पारा 33-34 च्या आसपास असतो, म्हणून लोक म्हणतात, ‘छे, विदर्भासारखं ऊन कुठे आहे इथे?’ ऊन नाही, पण दमटपणा आहे. कुत्रं लहालहा करून गार होतं ते जिभेवरचं आणि नाका-घशातलं पाणी उडून गेल्यामुळे. हवाच पाण्याने भिजलेली असेल तर ते उडणार कुठे? आपले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तोच प्रकार. त्यात चपट्या नाकाचं कुत्रं असेल, पग किंवा शिह त्झू, तर नाकपुड्या चिरेएवढ्या आणि घशात टाळूची लांब झालर. लोहाराचा भाताच अरुंद असल्यावर वारा किती घेणार?

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात शेजारच्या वाडीत एक चाकरमानी कुटुंब पग घेऊन आलं. रात्रभर गाडीतून प्रवास, सकाळी पोचल्यावर मुलांनी त्याला बागेत पळवलं, अकराच्या सुमारास जांभ्याच्या अंगणात बांधून मंडळी जेवणाच्या तयारीला. जांभा तापला की दुपारी आपल्यालाही अनवाणी चालवत नाही. बाराला मला बोलावणं आलं. जाऊन बघते तर कुत्रं खोलीत, दारं-खिडक्या बंद (‘ऊन येऊ नये म्हणून’), अंगावर जाडजूड ओला टर्किश टॉवेल, आणि थोरला मुलगा जबडा फाकवून तोंडात पाणी ओततोय. जीभ लालभडक, लाळ दोरीसारखी चिकट, नजर कुठेच नाही.

टॉवेल आधी ओढून फेकला. भिजलेला टॉवेल दोन मिनिटांत अंगाएवढा तापतो आणि गोधडी होऊन बसतो. खिडक्या उघडल्या, विहिरीचं पाणी पोटाखाली, जांघेत, काखेत ओतत राहिलो आणि टेबलफॅन थेट अंगावर. पाणी ओतायचं आणि वारा घालायचा, दोन्ही एकदम. नुसतं पाणी आपल्या हवेत पुरत नाही. बर्फ शोधायला दुकानात माणूस पाठवू नका, त्या वेळात दहा बादल्या होतात. आणि शुद्ध हरपत चाललेल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जातं. स्वतःहून पीत असेल तरच पिऊ द्या.

थर्मामीटर गुदद्वारात लावला तर 106 फॅरेनहाइट. कुत्र्याचं नेहमीचं 101 ते 102.5 असतं. 103 ला मी पाणी थांबवते, नाहीतर पुढे ते फारच खाली घसरतं. मग गाडीचा एसी लावून डॉक्टरांकडे.

कुत्रं संध्याकाळी उभं राहिलं, शेपूट हलवली. आणि यजमान म्हणाले, ‘चला, वाचला. काकू, उद्या मिठबावच्या समुद्रावर नेला तर चालेल ना?’ माझा राग तेव्हा जो चढला तो अजून उतरलेला नाही. उष्माघाताचा खरा तडाखा कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो. मूत्रपिंडं, यकृत, रक्त गोठण्याची क्रिया, सगळ्यांना झळ बसलेली असते. डॉक्टरांनी ठेवून घेतलं म्हणून बरं. दुसऱ्या दिवशी सकाळी शौचातून रक्त पडलं, आणि ते सलाइनवर असताना पडलं. पग आठ दिवसांनी मुंबईला गेला. आता ते लोक पावसाळ्यानंतर येतात.

हिरड्या न बघणं

ओठ वर करून बघायला दोन सेकंद लागतात. गुलाबी असाव्यात. बोटाने दाबून सोडलं की दोन सेकंदांच्या आत रंग परत यावा. निळसर, राखाडी किंवा कागदासारख्या पांढऱ्या असतील तर मोजत बसू नका, मला फोनही करू नका, निघा.

फिकट हिरड्या आणि जलद श्वास दिसला की मी कान आणि पायांची बोटं उलगडून बघते. गोचीड. गोचिडातून येणारा बेबेसिया नावाचा जंतू रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, रक्त पातळ पडतं, मग फुप्फुसं ठणठणीत असूनही कुत्र्याला प्राणवायू पुरत नाही. लोक छातीचा एक्स-रे काढायला फोंडा घाट चढून कोल्हापूरला जातात आणि रक्ताची साधी तपासणी राहून जाते. काही कुत्र्यांच्या अंगावर तेव्हा एकही गोचीड सापडत नाही, चावून गेलेली असते. तपासणी तरीही करा.

बाळंतिणीकडे दुर्लक्ष

छोट्या जातीची कुत्री चार-पाच पिल्लांना पाजत असेल आणि वीण झाल्यावर दोन-चार आठवड्यांनी धापा टाकायला, थरथरायला, ताठ पायांनी चालायला लागली, तर ते दमणं नाही. अंगातलं कॅल्शियम दुधात गेलंय. पिल्लं लगेच बाजूला करा आणि तासाभरात डॉक्टर गाठा. शिरेतून कॅल्शियम हळूहळू द्यावं लागतं, ते घरचं काम नव्हे. आणि ‘आधीपासून दिलं असतं तर?’ नाही. गाभण असताना मनाने कॅल्शियमची बाटली पाजली की शरीर स्वतःचा साठा वापरायचं विसरतं आणि धोका उलट वाढतो.

बाकीच्या, थोडक्यात

पॅरासिटामॉल. ताप वाटला म्हणून माणसांची गोळी दिली की रक्त प्राणवायू वाहायचं थांबतं, हिरड्या तपकिरी पडतात. नाही म्हणजे नाही.

गळपट्टा ओढणं. छोट्या कुत्र्यांची श्वासनलिका काहींमध्ये मऊ पडून चपटी होते, ओढलं की बदकासारखा आवाज काढत खोकतात. छातीचा पट्टा वापरा, वजन उतरवा.

नाकातून उलटं घुरघुरत, मान ताणून अर्धं मिनिट हवा ओढणं. ती उलटी शिंक. बघायला भयंकर, बहुधा निरुपद्रवी. व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा आणि गप्प बसा.

उन्हाळा आला म्हणून केसाळ कुत्र्याचा चकोट करणं. ते केस उन्हालाही अडवतात. विंचरा, भादरू नका.

शिमग्याचे ढोल आणि दिवाळीचे फटाके. भीतीनेही धाप लागते. आतल्या खोलीत ठेवा, आवाज थांबल्यावर अर्ध्या तासात श्वास खाली यायला हवा. न आला तर मोजा.

किनाऱ्यावर पडलेला केंड, म्हणजे फुगणारा विषारी मासा, कुत्र्याने तोंडात घेतला असेल तर लक्षणांची वाट बघू नका. त्याच्या विषाने श्वासाचे स्नायूच लुळे पडतात.

धापणाऱ्या कुत्र्याला तपासायला उताणं करणं, कडेवर घट्ट आवळणं, घरभर सगळ्यांनी भोवती गोळा होणं. त्याला हवं तसं बसू द्या. दवाखान्यातही आम्ही आधी ऑक्सिजन लावून शांत करायचो आणि मगच एक्स-रेच्या टेबलावर घ्यायचो.

माझी सवय सांगते. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे. दुधाचा हिशोब जिथे लिहिते त्याच चौकोनात दर रविवारी रात्री कुत्र्याचा झोपेतला आकडा लिहिते, सात वर्षांपुढच्याचा रोज. सध्याचा आमचा बाळू नऊ वर्षांचा आहे. काल बावीस होते.