ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचंय? आधी ऐकायला शिका

मुंबईत राहून सिम्फनी ऑर्केस्ट्रात नोकरी करता येते, हे अजून कित्येकांना खरं वाटत नाही. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली खुशरू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला. सुरुवातीला भारतीय वादक थोडेच होते, कझाकस्तानातून आलेले बरेच. हे ऐकून नाउमेद होऊ नका. व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी इथे १९३५ मध्येच बॉम्बे सिम्फनी काढली होती. १९५८ मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढणारे अँथनी गोन्साल्विस गोव्याचे, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, शिकलेली कितीतरी मंडळी मुंबईच्या फिल्म स्टुडिओंत वाजवत होती. ही परंपरा आपलीही आहे.

मी हिंदुस्थानी व्हायोलिनकडून इकडे आलो. तिथे मांडी घालून बसायचं, वाद्याचं टोक पायावर टेकवायचं, डावा हात मींडेसाठी, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी, मोकळा. षड्ज आपल्या सोयीचा. इथे ओबो हे फुंकवाद्य ‘ए’ हा सूर देतं आणि सगळ्यांनी तोच घ्यायचा. बैठक बदलायला वेळ लागतोच, पण सराव केला की ती जमते. खरी मेहनत मनाची असते. आपली तालीम एकट्याने मैफल रंगवण्याची. इथे पहिल्या व्हायोलिनच्या अख्ख्या ताफ्यातून तुमचा आवाज वेगळा ऐकू आला, तर ती चूक धरतात.

बो (व्हायोलिनचा गज) वर न्यायचा की खाली, हे कॉन्सर्टमास्टर, म्हणजे पहिल्या व्हायोलिनचा प्रमुख, ठरवतो. ते पेन्सिलीने उतरवून घ्यायचं, म्हणून तालमीला पेन्सिल हवीच. नोटेशनच्या एका स्टँडवर दोघं वाजवतात. आतल्या बाजूचा पानं उलटतो आणि तेवढ्यात बाहेरचा वाजवत राहतो. आपण थांबलेलो असताना जाणारी विरामाची मापं (तालाची आवर्तनं) मनातल्या मनात मोजायची. द्वोर्झाकच्या नवव्या सिम्फनीत झांजेचा एकच आघात आहे, तोही चौथ्या भागात. तो वाजवणारा तोवर प्रत्येक माप ऐकत असतो. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

ऑडिशनला बहुतेक ठिकाणी मोझार्टच्या कॉन्चेर्तोचा (एकल वादक आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेचा) पहिला भाग विचारतात आणि मग ऑर्केस्ट्रातले ठरलेले तुकडे: स्ट्राऊसच्या ‘डॉन हुआन’चं पहिलं पान, शूमानच्या दुसऱ्या सिम्फनीचं स्केर्त्सो (जलद, खेळकर भाग), मोझार्टच्या एकोणचाळिसाव्या सिम्फनीचा शेवटचा भाग. अनेक ऑर्केस्ट्रांत पडद्याआड वाजवावं लागतं. नवखे हे तुकडे एट्यूडसारखे, म्हणजे बोटांच्या सरावाच्या धड्यासारखे, घोटतात, वेग चढवत नेतात. माझं सांगणं वेगळं आहे. आधी पूर्ण स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं एकत्र नोटेशन, समोर ठेवून तीन-चार रेकॉर्डिंग ऐका. त्या क्षणी चेलो काय करतात, हॉर्न कुठे येतो, हे कानात बसू द्या. परीक्षकांना ते लगेच कळतं: माणूस एकटा वाजवतोय की बाकीचे त्याला ऐकू येताहेत.

लहान मुलांसाठी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची अकादमी २०१२ पासून आहे. मोठ्या वयात आलात तर कुठल्याही हौशी ऑर्केस्ट्रात दुसऱ्या व्हायोलिनची खुर्ची धरा. तिथे मुख्य धून क्वचित मिळते, आतला सूर आणि लय सांभाळावी लागते, त्यामुळे कान लवकर तयार होतो. मैफलीला गेलात तर नजर कंडक्टरवर न ठेवता मागच्या रांगेतल्या वादकांच्या उजव्या हातावर ठेवा: बोचा कोणता भाग, किती लांबी, कुठे थांबतात. आणि घरी येऊन तोच उतारा त्याच लांबीत वाजवून बघा.