घेवड्याची मर : पानांवर औषध मारून ती थांबत नाही

कोरेगावकडचा वाघ्या घेवडा असो की बाजारासाठी लावलेला श्रावण घेवडा, मर दिसली की आपण आधी पंप पाठीवर घेतो. खालची पानं पिवळी पडलेली, दुपारी झाडाने मान टाकलेली, आणि आपण मँकोझेब या बुरशीनाशकाने पानं धुऊन काढतो. मर आणणारी फ्युजेरियम बुरशी तिथे नसतेच. ती जमिनीतून मुळात शिरते आणि खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते. मँकोझेब झाडाच्या आत जात नाही. कार्बेन्डाझिम हे दुसरं बुरशीनाशक जातं, पण ते पाण्याबरोबर वर चढतं, पानावरून मुळाकडे उतरत नाही.

म्हणून आळवणीच करायची, म्हणजे औषधाचं पाणी झाडाच्या बुडाशी ओतायचं; पण त्याआधी एक झाड उपटून खोड उभं चिरा. आत तांबूस-तपकिरी रेघ असेल तर मर. बुडाशी पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे दाणे असतील तर ती दुसरी बुरशी, स्क्लेरोशियम. मुळांवरच्या गाठी बोटाने सहज सुटल्या तर त्या रायझोबियम या उपयोगी जिवाणूच्या, त्यांना घाबरू नका. मूळच फुगून गाठ झाली असेल तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले बारीक किडे, आणि त्यावर बुरशीनाशक फुकट जाईल.

कार्बेन्डाझिम ५० टक्के भुकटी लिटरला १ ग्रॅम घ्या. नोझल काढून, वाफशावर (जमीन ओलसर पण चिखल नसताना), बुडाशी द्या. लेबलवर आपलं पीक आणि मात्रा आधी वाचा. वाळलेलं झाड यातून उठत नाही. ही आळवणी त्याच्या शेजारच्या झाडांसाठी आहे. मेलेलं झाड मुळासकट काढून जाळा. बांधावर फेकलेलं झाड पावसाच्या पाण्याबरोबर पुन्हा रानात येतं.

खरं काम पेरणीआधीचं. किलोभर बियाण्याला ३ ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळायला किती वेळ लागतो? तरी तेच राहून जातं, वर बियाणं मर लागलेल्या रानातलंच. ट्रायकोडर्मा आणि कार्बेन्डाझिम एकत्र कालवू नका, ट्रायकोडर्मा रोगाच्या बुरशीशी लढणारी असली तरी तीही बुरशीच आहे, ती मरते. ती शेणखतात मुरवून जमिनीत द्या. मरीच्या बुरशीचे जाड कवचाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात, तेव्हा त्या रानात तीन-चार वर्षं ज्वारी, बाजरी किंवा मका घ्या.

श्रावण घेवड्याचे तोडे दर दोन-चार दिवसांनी होतात. आळवणीआधी तयार शेंगा काढून घ्या आणि लेबलवर दिलेले दिवस उलटेपर्यंत पुढचा तोडा बाजारात नेऊ नका.